शिकारीचा परवाना

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी यवतमाळ जिल्ह्यातून माझ्या मामेभावाचा दूरध्वनी आला. सोयाबीन काढणीला आले होते आणि रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत त्याचे जवळजवळ एक एकर रान नांगरल्यासारखे उलथून टाकले होते. त्याच्या स्वरात राग नव्हता, थकवा होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही सरकारात आहात. डुक्कर मारायचा परवाना कसा काढायचा, तेवढं विचारून सांगा."

मी नोकरीनिमित्त चेन्नईच्या अण्णा नगर भागात राहतो. माझ्या खात्याचा वनांशी काही संबंध नाही. परंतु सरकारी नोकराला सर्व खात्यांतील सर्व कागद ठाऊक असतात असा आपल्या नातेवाइकांचा समज असतो, आणि तो मोडण्याचे धैर्य मला कधी झालेले नाही. शिवाय अण्णा नगरसारख्या ठिकाणी बसून रानडुकरांचा विचार करणे हेच मुळी अवघड. १९६८ साली येथे उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या वेळी उभारलेला मनोरा अजूनही उद्यानात उभा आहे, आणि त्याच्या भोवती आखीव रस्त्यांची, दुतर्फा झाडांची वस्ती पसरलेली आहे. येथे रात्री कोणाचे पीक राखावे लागत नाही.

तथापि शिकारीचा खराखुरा परवाना मी आयुष्यात प्रथम पाहिला तो याच वस्तीत. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त तमिळ गृहस्थ राहतात. मामेभावाची हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा त्यांनी कपाटातून एक जुने पाकीट काढले. त्यात त्यांच्या वडिलांचा, साठीच्या दशकातील शिकारीचा परवाना होता. जंगलाच्या गटाचे नाव, मुदतीच्या तारखा, कोणती जनावरे किती मारता येतील त्यांचे आकडे, भरलेली फी आणि खाली अधिकाऱ्याची सही, असा तो एका पानाचा कागद. त्यांचे वडील त्या वेळी मोकळ्या हाताने परत आले होते. कदाचित म्हणूनच तो कागद त्यांनी जपून ठेवला असावा.

मामेभाऊ जो परवाना मागत होता तो हा नव्हे. वस्तुतः आपल्याकडे 'परवाना' या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या आहेत. पहिला बंदुकीचा परवाना. तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो आणि त्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचीही सोय आहे; परंतु बंदूक बाळगण्याची परवानगी म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. दुसरा शिकारीचा परवाना, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या पाकिटातला. तो आता भारतात कोणालाही मिळत नाही. तिसरा, पिकाला किंवा माणसाला अपाय करणारे विशिष्ट जनावर मारण्याचा लेखी आदेश. तो आजही मिळू शकतो. दुसरा का संपला आणि तिसरा कसा चालतो हे समजून घेतले, तर शेतकरी आणि रान यांच्यामधला आजचा तंटा पुष्कळसा स्पष्ट होतो.

परवान्याची कल्पना या देशात इंग्रजी अमलाबरोबर रुजली. त्याआधी राजेरजवाड्यांची राखीव शिकारीची राने होती आणि तेथे राजाची मर्जी हाच नियम होता. कोल्हापूरच्या दरबारी तर काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि त्यांना शिकवणारे चित्तेवान पिढ्यान्पिढ्या ते काम करीत. ब्रिटिश प्रांतांत मात्र लिखित नियम आले. या बाबतीत मद्रास इलाखा बराच पुढे होता. निलगिरीच्या पठारावर बंदुका वाढल्या आणि सावज घटू लागले, तेव्हा तेथील शिकाऱ्यांनीच १८७७ साली एक संघ स्थापन केला आणि १८७९ साली मद्रास सरकारने निलगिरीतील सावज व मासे यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. शिकारीला बंद हंगाम ठरला, परवान्याचे बंधन आले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा कायदा शिकार थांबवण्यासाठी नव्हता; शिकार पुढेही चालू राहावी म्हणून होता.

पुढे १९१२ साली संबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९२७ च्या वन कायद्यान्वये राखीव जंगलांतील शिकारीचे नियम प्रांतांनी केले. त्यांचा सांगाडा साधारण सारखाच होता. वनविभागाचे गट पाडावयाचे, एका गटात एका वेळी एकाच मंडळीला ठरावीक दिवसांसाठी प्रवेश द्यावयाचा, कोणते जनावर किती, हे परवान्यावर लिहावयाचे, फी आकारावयाची. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली या विषयावर आपला स्वतंत्र कायदा केला.

कागदावर ही रचना निर्दोष दिसते. मग ती मोडली का? शिकारी बेइमान होते म्हणून, असे उत्तर दिले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. मोटारगाडी आणि प्रखर दिवा हाती आल्यावर रात्री रस्त्यावरून गोळी घालणे सोपे झाले. पन्नाशी-साठीच्या दशकांत परदेशी पाहुण्यांना वाघाची शिकार घडवून आणणाऱ्या कंपन्या निघाल्या. वाघाच्या कातड्यांचा व्यापार वाढला. परंतु माझ्या मते मूळ दोष याहून खोल होता. परवान्यावर आकडा असे. तो आकडा कशाच्या आधारावर लिहावयाचा, याला उत्तर नव्हते. गटात वाघ किती, सांबर किती, गेल्या वर्षी जन्मले किती, मेले किती, याची मोजणी कोणी करीत नव्हते. फीचा हिशेब चोख राहिला. जनावरांचा हिशेब ठेवलाच गेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात चाळीस हजार वाघ होते असे वाक्य आपण नेहमी ऐकतो. तोही एका निसर्गप्रेमी लेखकाचा अंदाज होता, गणना नव्हे. ज्या खात्यात रक्कम किती हेच ठाऊक नाही, त्यातून धनादेश फाडत राहावे, तसे ते परवाने फाडले गेले.

चित्त्याच्या बाबतीत तर खाते रिकामे झाल्यावरच ते कळले. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. २०२२ साली कुनोच्या जंगलात चित्ते आणावे लागले ते आफ्रिकेतून.

वाघाची वेळ त्यानंतर आली. १९६९ साली दिल्लीत निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले आणि वाघ धोक्यात असल्याचे तेथे स्पष्टपणे मांडले गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली ठशांवरून जी गणना झाली तीत १८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा संमत झाला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता.

येथे घटनेतील एक बारकावा सांगितला पाहिजे. त्या काळी वन्य पशुपक्ष्यांचे रक्षण हा राज्यांचा विषय होता. केंद्राला त्यावर थेट कायदा करता येत नव्हता. म्हणून अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तसा अधिकार दिला आणि मग हा कायदा झाला; इतर राज्यांनी तो नंतर स्वीकारला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत आला. आज एखादे राज्य म्हणते की आमच्या रानडुकरांचा निर्णय आम्हालाच करू द्या, तेव्हा त्या मागणीच्या मुळाशी हा इतिहास असतो.

१९७२ च्या कायद्याने शिकार एकदम बंद केली, हा समज मात्र चुकीचा आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांना त्याने पूर्ण संरक्षण दिले. बाकीच्यांसाठी परवाना चालूच ठेवला. विशेष सावज, मोठे सावज, लहान सावज आणि प्राणी पकडण्याचा परवाना, असे त्याचे चार प्रकार होते. त्यांच्या अटी वाचल्या म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनी किती बारकाईने विचार केला होता हे दिसते. वाहनातून शिकार करू नये. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत करू नये. कृत्रिम प्रकाश वापरू नये. विष, स्फोटके, खड्डे वापरू नयेत. रानाला आग लावू नये. पाणवठ्यावर किंवा खारट मातीच्या चाटणावर आलेले जनावर मारू नये. पिले आणि माद्या मारू नयेत. शिंगांवर अजून मखमल असलेले हरीण मारू नये. मारलेल्या जनावरांची नोंद परवानाधारकाने ठेवावी, हाही नियम होता. या अटींमागे रानाचे आणि शिकाऱ्याच्या रीतीचे पिढ्यांचे ज्ञान उभे होते. परंतु किती जनावरे आहेत, हा प्रश्न तेथेही शिकारी आणि अधिकारी यांच्या अंदाजावर सोडलेला राहिला.

शेवटी १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ही सारी कलमे पुसून टाकली. तेव्हापासून नियम एका वाक्यात मावतो: अनुसूचीत दिलेल्या वन्य प्राण्याची शिकार करता येणार नाही, अपवाद, प्राणी माणसाला धोकादायक ठरला तर, किंवा संशोधनासारख्या विशेष कारणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांनी परवानगी दिली तर. शिकार हा छंद म्हणून या देशाच्या कायद्यातून त्या दिवशी संपला.

त्याचे मला दुःख नाही. परंतु त्या निर्णयाची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. फासेपारध्यांसारखे समाज पिढ्यान्पिढ्या तित्तिर, लावे, ससे धरून जगत आले. साहेबाच्या शिकारीला परवाना होता तेव्हा यांच्या फाशाला बहुधा तो नव्हता. साहेब 'शिकारी' ठरला आणि पारधी 'चोर'. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने असल्या अनेक समाजांवर जन्मतःच शिक्का मारला होता. निलगिरीच्या उतारांवरील वनवासींचा अनुभव याहून फार निराळा नव्हता. परवाना हे जसे दार असते तसे कुंपणही असते, आणि कुंपणाबाहेर कोण राहिले याची नोंद परवान्याच्या वहीत होत नाही.

दुसरीकडे, शिकारीसाठी राखलेल्या काही रानांनीच पुढे प्राण्यांना आसरा दिला, हेही खरे. कोल्हापूरच्या महाराजांचे दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले. येथे चेन्नईत गव्हर्नरांच्या आवाराला लागून असलेले गिंडीचे रान १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. भर शहरात आजही तेथे काळवीट दिसतात. निलगिरीच्या कड्यांवरील ताहर नावाचा रानबोकड, तमिळ भाषेतील वरैयाडू, त्या जुन्या संघाच्या नियमांमुळे काही अंशी टिकला असे मानले जाते. तो आज तमिळनाडूचा राज्यप्राणी आहे आणि २०२४ साली या राज्याने त्याची पद्धतशीर गणना केली, तेव्हा १०३१ ताहर मोजले गेले.

आता प्रश्न असा, की जगात अन्यत्र परवाना टिकला तो कशाच्या बळावर? अमेरिकेतील अनेक राज्यांत मोठ्या सावजाची शिकार आजही कायदेशीर आहे आणि तिची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली जाते. राज्याचे वन्यजीव खाते प्रत्येक विभागातील हरणे, एल्क, मेंढे यांची दरवर्षी पाहणी करते. नर किती, माद्या किती, हिवाळ्यानंतर पिले किती उरली, ते पाहते. आणि यंदा किती जनावरे काढली तर कळप टिकेल हे ठरवते. तितक्याच चिठ्ठ्या निघतात. एक चिठ्ठी म्हणजे एक जनावर, आणि शिकार होताच ती चिठ्ठी जनावरालाच बांधावी लागते. अर्ज फार आले तर सोडत काढतात; ज्याचे नाव निघाले नाही त्याला पुढल्या वर्षासाठी गुण देतात.

ही पद्धतही तंटामुक्त नाही. वर्षानुवर्षे गुण साठवणारे लोक वाढत गेले, रांग लांबत गेली आणि नवख्याचा क्रमांक लागणेच कठीण झाले. मग नियम बदलावे लागतात; बदलले की कोणीतरी दुखावतो. स्थानिकांना वाटते, आमच्या डोंगरावरचे जनावर आम्हाला आधी मिळावे. बाहेरचा म्हणतो, फी तर मीच जास्त भरतो. वायोमिंग राज्याने २०२२ साली कायदा करून मूस, मोठ्या शिंगांची मेंढी अशा मोजक्या सावजांच्या ९० टक्के चिठ्ठ्या राज्यातील रहिवाशांसाठी राखल्या, तो याच वादाचा परिपाक. परंतु हा सारा वाद वाटणीचा आहे; वाटावयाचे किती, याचा आकडा मोजणीतून येतो. शिवाय फीचा आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर बसवलेल्या विशेष कराचा पैसा त्या मोजणीसाठी आणि रानासाठीच खर्च होतो. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर नावाच्या रानबोकडाचे मोजके परवाने लिलावाने देतात आणि त्या रकमेचा ८० टक्के भाग स्थानिक गावांना मिळतो; म्हणून गावकरी त्या बोकडाची राखण करतात. आपण हे जसेच्या तसे उचलावे असे मी सुचवीत नाही. एवढेच दाखवावयाचे आहे, की परवाना टिकतो तेथे त्यामागे दोन गोष्टी असतात: खरी मोजणी, आणि त्या मोजणीत गावाचा हितसंबंध.

मोजणीची गरज केवळ शिकारीला असते असेही नाही. संरक्षणालाही ती तितकीच लागते. राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदोपत्री वाघ होते. २००५ च्या सुमारास लक्षात आले की रानात एकही उरलेला नाही. ठशांवर विसंबणारी जुनी पद्धत तेव्हा बदलली आणि स्वयंचलित कॅमेरे व शास्त्रशुद्ध नमुने यांवर आधारलेली नवी गणना सुरू झाली. २००६ च्या गणनेत अंदाज निघाला १४११ वाघांचा. तो आकडा ऐकून देश हादरला, पण तो हादराच उपयोगी पडला. २०२२ च्या गणनेत हाच अंदाज ३६८२ वर पोहोचला. त्यांत महाराष्ट्राचे ४४४ आणि तमिळनाडूचे ३०६.

आता माझ्या मामेभावाच्या प्रश्नाकडे वळतो. रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, ही विदर्भातील शेतकऱ्याची मुख्य डोकेदुखी. दोन्ही प्राणी अनुसूचीत आहेत. पण उभ्या पिकाला धोका असेल तर कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्यांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने मुख्य वन्यजीव रक्षकांना व त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना दिला आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने या दोन प्राण्यांपुरती ही परवानगी सुलभ केली आणि ती देण्याचा अधिकार वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणला. केरळने २०२२ साली रानडुकरांपुरता असा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांना दिला. तमिळनाडूने २०२५ च्या जानेवारीत अंतराचा नियम घातला: राखीव वनापासून एक किलोमीटरच्या आत रानडुकराला हात लावावयाचा नाही, एक ते तीन किलोमीटरमध्ये ते पकडून रानात सोडावयाचे, तीन किलोमीटरच्या पलीकडे असेल तर वनखात्याच्या माणसांनी गोळी घालावयाची. याशिवाय केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित करू शकते. बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांच्याबाबत २०१५-१६ मध्ये तसे झाले. तेव्हा मारण्यास परवानगीचीही गरज उरत नाही.

नियम असे पुष्कळ झाले. तरीही शेतकऱ्याचे समाधान का होत नाही? कारण आदेश मिळाला तरी गोळी कोणी घालावयाची हा प्रश्न राहतो. शेतकऱ्याजवळ बंदूक नसते. जनावर रात्री येते आणि दाट पिकात असते. अंधारात उभ्या पिकात गोळी झाडणे हे शेजारच्या मचाणावर जागलीला बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे. त्याचे मांस नेले तर नवा गुन्हा. आणि रानडुकरीण एका वेताला चार-सहा पिले देते. दोन-चार डुकरे मारून त्या कळपाला फरक पडत नाही. म्हणजे परवानगी दिल्याचे समाधान सरकारला मिळते, राग काढल्याचे समाधान क्वचित शेतकऱ्याला मिळते आणि पीक मात्र वाचत नाही. मग हताश झालेला माणूस कुंपणात विजेचा प्रवाह सोडतो. त्यात डुक्कर मरते, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे शेतावर निघालेला माणूसच मरतो. या प्रश्नाची खरी तीव्रता येथे आहे.

याच हतबलतेतून आता आवाज उठतो, की जुना शिकारीचा परवाना पुन्हा सुरू करा. निदान शिकारी तरी येतील. या मागणीची मी टिंगल करणार नाही. चेन्नईत बसून रानडुकराविषयी उदार होणे सोपे आहे. त्या औदार्याचे बिल माझा मामेभाऊ भरतो. परंतु १८७९ पासून १९९१ पर्यंतच्या परवान्याचा इतिहास पाहिल्यावर एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आकडा कोठून आणणार? वाघांची देशव्यापी गणना दर चार वर्षांनी होते. शेतशिवारातील रानडुकरांची आणि रोह्यांची तशी गणना होत नाही. कोणत्या तालुक्यात कळप किती, ते ओढ्याच्या झुडपांत राहतात की वनातून येतात, नुकसान कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाचे होते, हे ठाऊक नसताना दिलेला परवाना हा जुन्या चुकीचीच दुसरी आवृत्ती ठरेल. आणि उलट बाजूने, ते ठाऊक नसताना दिलेला नकारही तितकाच आंधळा ठरेल. मारू नका म्हणणाऱ्याजवळ आकडा हवा, तसाच मारा म्हणणाऱ्याजवळही.

तेव्हा परवाना असावा की नसावा, या प्रश्नाआधी मोजणीचा प्रश्न सोडवला पाहिजे, असे मला वाटते. ती सारी वनखात्यानेच करावी असेही नाही. पीकनुकसानीचा प्रत्येक पंचनामा ही एक नोंदच असते. आज ती भरपाईच्या फाइलीत मिटून राहते. गावोगावच्या असल्या नोंदी तालुक्याच्या नकाशावर उतरल्या, तर कळपांच्या वाटा दिसू लागतील. मग कोठे कुंपणाला अनुदान द्यावे, कोठे गावकऱ्यांनी मिळून राखण करावी, कोठे प्रशिक्षित माणसांकडून कळप कमी करावा, हे ठरवता येईल. मारावे लागले तर ते ठरवून, मोजून आणि जबाबदार हातांनी मारले जाईल.

मामेभावाला मी अखेर एवढेच सांगितले. प्रथम नुकसानीचा अर्ज दे आणि विनाविलंब पंचनामा करून घे. भरपाई थोडी मिळो वा अधिक, नोंद झाली पाहिजे. नंतर वनक्षेत्रपालाकडे लेखी अर्ज कर आणि पोच घे. आदेश हातात येईपर्यंत कोणाच्याही सांगण्यावरून काही करू नको. तारेत वीज सोडण्याचा विचार मनातही आणू नको. आणि एक वही घाल: तारीख, शेत, जनावर, किती दिसली, काय खाल्ले. शेजाऱ्यांनाही लिहावयास सांग.

तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "डुकरांची हजेरी घ्यायची म्हणता?" मी म्हटले, "होय, हजेरीच." पुढच्या महिन्यात त्याचा पुन्हा दूरध्वनी आला. परवाना अजून मिळाला नव्हता. अर्जाची पोच मात्र मिळाली होती. वहीत सतरा रात्रींच्या नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांतील अकरा नोंदींत कळप ओढ्याच्या एकाच वळणावरून वर आलेला होता. "तिथं तिघांच्या शेताला मिळून कुंपण घालतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दोघांशी बोललो आहे."